चारशे सतरा बायका

"ही मेली," शालू म्हणाली.

मी यादीतल्या नावावर लाल पेनने फुली मारली. "आणि ही?"

"कौशाबाई? ती तर कवाच मेली. कोरोनाच्या बी आधी. तिच्या तेराव्याला मीच पोळ्या लाटल्या."

फुली. "ही?"

"ही जित्ती हाय. पण नांदायला गेली भोकरदनला. तिच्या बापानं नाव काढलंच नाय हितलं."

तिच्या नावाभोवती मी गोल केला. मेलेल्यांना फुली, नांदायला गेलेल्यांना गोल, मेंढरांमागे गेलेल्यांना त्रिकोण आणि वाळूजला कंपनीत कामाला गेलेल्यांना चौकोन. धोंडेवाडीच्या शाळेच्या ओट्यावर बसून आम्ही दोघी सकाळपासून हेच करत होतो. दुपारी भाकरी सोडली तोवर तेहतीस फुल्या झाल्या होत्या.

बाहेरच्या माणसाला वाटेल, मेलेल्या बायका मोजून काय मिळवणार? म्हणून नियम सांगते. गावातले दारूचे दुकान बंद करायचे तर गावच्या बायकांनी मतदान करायचे. मतपत्रिकेवर दोन बाटल्या छापलेल्या असतात. एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. इथवर ऐकले की शहरातल्या बायका टाळ्या वाजवतात. पुढचे कोणी ऐकत नाही. पुढचे असे, की आलेल्या मतांत आडवी जास्त असून भागत नाही. यादीत एकूण जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त बायकांनी स्वतः येऊन आडवीवर शिक्का मारावा लागतो. जी आली नाही ती आपोआप दुकानवाल्याची. जी मेली तीसुद्धा दुकानवाल्याची.

धोंडेवाडीच्या यादीत आठशे बेचाळीस बायका. आम्हाला हवी होती चारशे बावीस मते.

कौशाबाईच्या डोक्यात नवऱ्याने दारूच्या नशेत पाटा घातला होता. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती पाय घसरून पडली हेही सगळ्यांनीच सांगितले. ती कौशाबाई आता यादीत बसून दुकान चालू ठेवायला मदत करत होती. जिल्ह्याचे नाव बदलले तेव्हा दुकानांच्या आणि बसच्या पाट्या बघता बघता बदलल्या. एका मेलेल्या बाईचे नाव खोडायला मात्र सहा वर्षे पुरली नव्हती. मी मृत्यूचे दाखले गोळा करून तालुक्याला गेले. टेबलामागच्या माणसाने ते चाळले, परत माझ्याकडे सरकवले आणि म्हणाला, "यादी आता फायनल आहे बाई. मतदान जाहीर झाल्यावर नावं काढता येत नाहीत." मी विचारले, मग मेलेल्यांना मतदानाला कसे आणू ते सांगा. त्याला राग आला. माझ्या बोलण्याचा लोकांना राग येतो. माझा नवरा म्हणतो, तुझ्या तोंडाला लगाम नाही. नसू दे.

मी रत्नमाला. शहरात, गारखेड्याला, आमच्या महिला संघटनेचे दोन खोल्यांचे ऑफिस आहे. बावीस वर्षांपूर्वी मी तिथे शिबिरांचा स्वयंपाक करायला लागले. आतल्या खोलीत बायका कायदा शिकत आणि बाहेर मी भाजी चिरता चिरता ऐकत असे. एक दिवस शिकवणाऱ्या बाई आल्या नाहीत, तेव्हा मीच पदराला हात पुसून आत जाऊन उभी राहिले. तेव्हापासून कार्यकर्ती. माझे काम म्हणजे एसटीने कन्नडला जायचे, तिथून जीपने गावात जायचे आणि बायकांना त्यांचाच हक्क समजावून सांगायचा.

धोंडेवाडीला मला शालूनेच बोलावले. शालू शिवणकाम करते, पिको-फॉल करते. नवरा भारत टेम्पो चालवतो आणि टेम्पो उभा असेल तेव्हा पितो. मला वाटले, नवऱ्याचीच तक्रार असणार. मी म्हणालेही, "दुकान बंद झालं तर तो कन्नडला जाऊन पिईल."

"पिऊ द्या की. जाईस्तोवर तरी शुद्धीत राहील," शालू म्हणाली. "माझं गाऱ्हाणं त्याचं नाय ताई. स्टॉपचं हाय."

दुकान एसटीच्या थांब्यासमोर होते. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून पोरींना सकाळी सातच्या बसने पुढे जावे लागते, आणि दुकानाच्या कट्ट्यावर रात्रीचे पडलेले बाप्ये तेव्हाच उठत असतात. दसऱ्यानंतर एकाने एका पोरीची ओढणी धरली. त्या ओढणीवर गावात बैठक झाली आणि बैठकीत ठरले काय, तर पोरींनी घरी बसावे. ज्याने धरली तो दुसऱ्या दिवशी पुन्हा कट्ट्यावर हजर. तीन पोरी लगेच घरी बसल्या. शालूची अमृता आठवीत होती. तिच्या आजीने सांगून टाकले होते, की दुकान हलले तर पोरगी शाळेत जाईल, नाहीतर होळीनंतर दप्तर माळ्यावर.

"मग तिला बघायला येत्याल," शालू म्हणाली. "माझं बी असंच झालतं. आठवीतच."

तर एवढेच होते. एका पोरीला बसमध्ये बसायचे होते. त्यासाठी आम्हाला चारशे बावीस बायका आणायच्या होत्या.

मतदानाआधी अर्ज. अर्जावर एकूण बायकांपैकी चौथा हिस्सा सह्या लागतात, म्हणजे दोनशे अकरा. आम्ही दोनशे चाळीस केल्या. पहिली सही शालूची होती, ठसठशीत, आडनावासकट. मग पडताळणीला उत्पादन शुल्क खात्याचे साहेब आले. एकेका बाईला खुर्चीसमोर उभे करून पुन्हा सही करायला लावली आणि अर्जावरच्या सहीशी ताडून पाहिली. ज्या म्हाताऱ्या अंगठा देत त्यांचे हाल विचारू नका. जन्मभर राख-शेणात झिजलेले अंगठे, त्यांवर रेघा कुठून उरणार? "अस्पष्ट," साहेब म्हणायचे आणि नाव उडवायचे. पहिल्या दिवशी एकोणीस अंगठे उडाले. माझे डोके फिरले. कन्नडला जाऊन मी नवे स्टॅम्पपॅड आणले आणि घरोघर गेले. म्हाताऱ्यांचे हात कोमट पाण्याने धुतले, खोबरेल चोळले आणि त्यांच्याकडून जुन्या वहीवर अंगठ्यांचा सराव करून घेतला. मेंढरांबरोबर रानात निघालेल्या बायकांना तर गावच्या वेशीवर थांबवून शिकवले. "भिऊ नका. दाबून द्या. रेघ न् रेघ उठली पाहिजे, कुणी अस्पष्ट म्हणता कामा नये." दुसऱ्या पडताळणीत एकही अंगठा उडाला नाही. मी ऑफिसात आठवडाभर ते सांगत फिरत होते.

ऑफिसात सोनिया असते. सत्तावीस वर्षांची, शिकलेली, अहवाल लिहिणारी. मुलगी वाईट नाही, पण तिला प्रत्येक गोष्टीचा फोटो लागतो. तिने नमुना मतपत्रिका छापून आणल्या, संघटनेचा रबरी शिक्का आणला आणि शालूच्या ओसरीत तीन दिवस बायकांची तालीम घेतली. पत्रिका घ्यायची, आडवी बाटली शोधायची, शिक्का पॅडवर टेकवायचा, बाटलीवर मारायचा, घडी करायची, डब्यात टाकायची. एवढे शिकवावे लागते, कारण इतकी वर्षे निवडणुकीला सगळ्यांनी मशीनचे बटणच दाबलेले. शिक्का कुणाच्या हाताला माहीत नव्हता. तीनशेवर बायका येऊन शिकून गेल्या. ज्यांचे नवरे दुकानात बसतात त्याही परड्याच्या वाटेने, मागच्या दाराने आल्या.

यादीतले त्रिकोण मात्र उरले होते. मेंढरांमागे गेलेल्या बायका. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे माणसांसकट मेंढरांचे तळ, गोदावरीकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. बऱ्याच जणींना त्यांच्या भावकीने आणायचे कबूल केले. लासूरच्या पलीकडे एका शेतात कारभारीमामाचा वाडा बसला होता, त्यात अकरा बायका. त्यांना आणायचे काम माझ्याकडे आले. मी स्वतःहून घेतले असे म्हणा. मीही धनगराचीच लेक आहे. मेंढरांमागच्या बायकांशी कसे बोलावे हे मला कुणी शिकवायला नको, अशी माझी घमेंड होती.

मतदानाच्या दिवशी पहाटे जीपवाल्या गोकुळला घेऊन निघाले. साडेआठला वाड्यावर पोहोचले. अकराही जणी लुगडी नेसून तयार. पण म्हाळसाबाई जागची हलेना. कारभारीमामाची बायको ती, सत्तरीची, आणि वाड्यातल्या सगळ्या बायकांची पुढारी. तिच्यापुढे एक मेंढी आडवी पडली होती.

"अडली हाय," म्हाळसाबाई म्हणाली. "मोकळी झाली की निघू."

"मावशी, मतदान पाचपर्यंतच आहे!"

"तुजं मतदान पाचापत्तोर थांबंल. हिचं पिल्लू थांबंल व्हय?"

मामाला विचारले तर ते विडी पेटवत म्हणाले, "तिच्या हाताबिगर ती मेंढी कुणाला शिवू देत नाय. मला काय इचारतीस?" बाकीच्या दहा जणींपैकी एकही तिला सोडून यायला तयार होईना. मी त्या शेतात येरझारा घालत सगळ्यांना शिव्या घातल्या. मेंढीला, मामाला, नियम करणाऱ्याला. साडेदहाला शालूचा फोन आला.

"ताई, सोमनाथनं देवदर्शनाची गाडी सोडली. वणीला. फुकट. शेचाळीस बाया गेल्या बगा."

सोमनाथ म्हणजे दुकानवाला. बरोबर मतदानाच्या दिवशी त्याच्या अंगात भक्ती संचारली होती. बायकांना चहा, नाश्ता, वर ओटीचे सामान. मला त्या बायकांना शिव्या द्यायच्या होत्या, पण तोंडात येईनात. त्यातल्या निम्म्या जणी लग्न होऊन आल्यापासून माहेर आणि दवाखाना सोडून कुठे गेल्या नव्हत्या. आजवर कुणी त्यांना कुठे नेले होते? आम्ही नेले होते का? आम्ही नेले ते शिबिराला, सतरंजीवर बसवायला. सोमनाथला त्यांची हौस कळली आणि आम्हाला बावीस वर्षांत कळली नाही, याचाच मला जास्त संताप आला.

साडेअकराला म्हाळसाबाईने पिल्लू बाहेर ओढले, त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, मेंढीच्या तोंडाशी ठेवले आणि हात धुऊन जीपमध्ये येऊन बसली. "चल आता. काय तोंड करून बसलीस?"

वाटेत मी त्यांना पुन्हा सगळे सांगितले. दुकान, थांबा, अमृता, पोरींची शाळा.

"रानात म्या लांडग्याला भेत नाय," म्हाळसाबाई म्हणाली. "रातीला एकली पाणी आणती. पर आमच्याच गावात यायचं तर त्या दुकानाफुडनं मान खाली घालून. हे कुटलं न्याव?"

"म्हणून तर मत द्यायचं मावशी. आडवी बाटली. लक्षात ठेवा. उभी नाही, आडवी. झोपलेली."

"झोपल्याली. पिऊन पडल्यागत."

साऱ्या जणी हसल्या. मीही हसले. मग प्रत्येकीकडून वदवून घेतले, कुठली बाटली, कुठली बाटली. एकीचेही चुकले नाही. देवगाव रंगारीला जीप पंक्चर झाली तिथे रस्त्याकडेला बसूनसुद्धा मी हेच घोकून घेतले. शिक्क्याचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. तालीम सोनियाने घेतली होती, ओसरीतल्या बायकांना ते पाठ झाले होते, आणि या अकरा जणी त्या ओसरीत नव्हत्या हे माझ्या डोक्यातच आले नाही. देवाशप्पथ आले नाही.

साडेतीनला शाळेत पोहोचलो. रांग पटांगणाच्या बाहेर गेली होती. पोरे कडेवर घेतलेल्या, काठी टेकत आलेल्या, कापूस वेचून तशाच आलेल्या. नवऱ्याने बाहेरून कडी घातलेली एक जण शेजारच्या पत्र्यावरून उतरून आली होती आणि तिचा गुडघा फुटला होता. शालू सकाळी सातपासून उभी होती. भारत पटांगणाच्या कोपऱ्यात उभा राहून तिच्याकडे रागाने बघत होता, ती त्याच्याकडे बघत नव्हती. अकराही जणी बोटाला शाई लावून आत गेल्या, एकेक करून बाहेर आल्या. म्हाळसाबाई बाहेर आली ती पदर सावरत, ऐटीत. वर्गाच्या दाराशी तिने मला मान डोलवून खूण केली, की झाले काम.

पाचला दार बंद झाले. सहाला मोजणी. अर्जदार म्हणून शालू आत बसली, तिच्यासोबत मी. समोर सोमनाथ आणि त्याचा भाऊ. मध्ये पहिलीच्या पोरांची बाके जोडून केलेले टेबल.

साहेब एकेक पत्रिका उघडून दाखवत होते. आडवी. आडवी. आडवी. उभी. आडवी. बाजूचा कारकून पाच-पाचच्या रेघा ओढत होता. शालू ओठ हलवून मोजत होती. तिचे दीडशे झाले, दोनशे झाले, तेव्हा तिने माझा हात धरला. आणि मग साहेबांनी एक पत्रिका उघडली आणि हवेत धरली.

आडव्या बाटलीवर अंगठा होता. निळा, गोल, ठळक. रेघ न् रेघ उठलेली.

"शिक्का नाही," साहेब म्हणाले. "बाद."

"साहेब, आडवीवरच आहे की तो," मी म्हणाले.

"शिक्का मारायचा असतो. अंगठा चालत नाही."

"पडताळणीत चालला. अर्जावर तुम्हाला अंगठाच पाहिजे होता. अस्पष्ट म्हणून एकोणीस बायकांना हाकलून दिलं होतं!"

"तो अर्ज होता बाई. हे मतदान आहे. अंगठ्यावरून कुणाचं मत ते कळतं, गुप्तता राहत नाही. नियम आहे."

"वाचता न येणाऱ्या बाईला तुमचा नियम कोण वाचून दाखवणार?"

"तुम्ही," साहेब म्हणाले. आवाज चढवलाही नाही. "तुमच्याच संस्थेने जनजागृती केली ना?"

मी खाली बसले. थोड्या वेळाने दुसरा अंगठा निघाला. मग तिसरा. चौथ्यालाही मी भांडले, पण माझा आवाज मलाच पोकळ लागला. पाचव्याला शालूने माझा हात सोडला. सहावा अंगठा साहेबांनी उचलून दाखवला. कुणाचे अंगठे ते मला माहीत होते. रानाच्या वाटेवर, वेशीत बसवून, माझ्याच स्टॅम्पपॅडवर मी ते घडवले होते.

आडवी चारशे सतरा. उभी अडतीस. बाद सहा.

साहेबांनी आकडे वाचले आणि मग पुढचे वाक्य वाचले. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते न मिळाल्याने दुकान सुरू राहील. पाच मते कमी पडली. सहा बाद होती.

चारशे सतरा विरुद्ध अडतीस, आणि अडतीस जिंकल्या. अडतीस तरी कसल्या, त्यांच्यामागे कौशाबाई उभी होती, तिच्यामागे आणखी बत्तीस जणी, भोकरदनला भाकरी थापणारी होती, वणीच्या पायऱ्यांवर ओटी भरणाऱ्या होत्या. आमदार निवडून यायला पडलेल्या मतांत एक जास्त असले की पुरते. सरपंचाला पुरते. एका दारूच्या दुकानाला हलवायला मात्र सगळ्या गावातल्या जित्या आणि मेल्या बायकांचे निम्मे लागतात! हा नियम ज्याने लिहिला त्याने बायकांना हक्क दिला म्हणून कुठेतरी हारही घालून घेतला असेल. मला तो माणूस एकदा भेटायला हवा.

बाहेर सोमनाथच्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली. सोमनाथ स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन शालूसमोर आला. "घे वहिनी. आपल्यात काय राग नाय." शालूने पेढा घेतला नाही. तिने त्याच्या हातातला पुडाच घेतला, शांतपणे चालत जाऊन शाळेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि परत आली. भारत पुढे सरसावला, पण पटांगणात अजून शे-दीडशे बायका उभ्या होत्या. तो तिथेच थांबला.

सोनिया फोन नाचवत आली. "ताई, नव्वद टक्के! म्हणजे, आलेल्यांपैकी नव्वद टक्के महिला दारूच्या विरोधात! ये तो हिस्टॉरिक है. मी ग्रुपवर टाकलं, किती जणांचे मेसेज येताहेत बघा."

"हरलो आपण," मी म्हणाले.

"हो, पण टक्केवारी..."

"सोनिया, पोरीची शाळा टक्केवारीवर चालत नाही. लिही, हरलो. लिही, की संघटनेच्या जुन्या, अनुभवी कार्यकर्तीने अकरा बायकांना सगळं सांगितलं आणि शिक्का मारायचा तेवढं सांगितलं नाही."

सोनियाचे डोळे भरले. ती हळूच म्हणाली, "ताई, फॉर्ममध्ये तसा कॉलम नाहीये."

मी तिला झापणार होते. त्या फॉर्ममध्ये खरंच तो कॉलम नव्हता. आमच्या बावीस वर्षांच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता. किती बायका आल्या, किती शिबिरे झाली, किती अर्ज दिले, सगळ्यांना रकाने होते.

शालू जवळ आली. "ताई, ते अंगठे कुणाचे व्हते?"

"माझे," मी म्हणाले.

तिला समजले. ती जीपकडे बघायला लागली. जीपमध्ये अकरा जणी निघायच्या तयारीने बसल्या होत्या, सकाळी मेंढरांना पुढच्या शेतात हलवायचे होते. शालूला रडायचे असावे. मला तर मोठ्याने ओरडायचे होते. एक वर्ष. आता वर्षभर पुन्हा मतदान मागता येत नव्हते. अमृता तोवर नववीत गेली असती किंवा कुणाच्या तरी घरात.

आम्ही दोघी जीपपाशी गेलो. म्हाळसाबाई मागच्या बाकावर कडेला बसली होती. फटाके कशाचे हे तिला कुणी सांगितले नव्हते. आपलेच आहेत असे तिने धरले होते.

"झालं ना गं मनासारकं?" तिने मला विचारले. मी काही बोलायच्या आतच तिने उजवा हात पुढे केला. अंगठा अजून निळा होता. "तू सांगितलंवतंस तसा उठिवला बग. दाबून. आतल्या डबीतली शाई लई पातळ, म्या दोनदा बुडवला. म्हनलं, आपल्या अंगठ्यापायी पोरीची शाळा ऱ्हाया नको. कुनी अस्पष्ट म्हनला का?"

बाकीच्याही जणी माझ्याकडे बघत होत्या. आणखी दोघी-तिघींनी आपापले अंगठे वर केले. बावीस वर्षे ज्या तोंडाला लगाम नव्हता ते तोंड उघडेना.

शालू पुढे झाली. तिने म्हाळसाबाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, निळा अंगठा वळवून नीट पाहिला.

"नाय आज्जी," ती म्हणाली. "साहेबानं उचलून साऱ्यांना दाखवला. म्हनला, असा अंगठा बघितला नाय."

"मग पोरगी जाती ना आता शाळंला?"

"जाती की. उद्या सातची गाडी हाय. मी स्वतः हुबी ऱ्हानार हाय तिच्यासंगं, रोज."

म्हाळसाबाईने समाधानाने मान हलवली आणि गोकुळला गाडी काढायला सांगितली. जीप शाळेच्या फाटकातून वळली तेव्हा ती मागच्या काचेतून कुणालातरी, बहुतेक शालूच्या मागे उभ्या असलेल्या अमृतालाच, हात हलवत होती.